सर्टिफिकेट भिंतीवर, तुम्ही कुठे?

तुमच्यापैकी कोणी कोणी लायसन लावलंय, हे मला विचारावं लागत नाही. तुम्ही ते लपवतही नाही. फार्मसी कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र हातात पडलं की महिन्याभरात सौदा ठरतो. कोणत्या तालुक्यातल्या मेडिकलला नाव दिलं, दरमहा किती मिळतात, वर्षाचे एकदम घेतले की हप्त्याने, याची चर्चा व्हरांड्यात मोठ्या आवाजात चालते आणि मी जवळून गेलो तरी थांबत नाही. माझा राग सौद्यावर आहेच. त्याहून जास्त राग त्या न थांबण्यावर आहे.

तुमच्यातलाच एक हुशार मुलगा मला म्हणाला, ‘‘सर, यात नुकसान कोणाचं? दुकानदाराला सर्टिफिकेट पाहिजे, मला पैसे पाहिजेत, पेशंटला औषध तर मिळतंच.’’ मी त्याला तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता. तुम्हा सगळ्यांच्या मनात तोच आहे. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो. नीट ऐका, आणि माझं संपेपर्यंत मध्ये बोलू नका.

तुमच्या हातात नेमकं काय आहे, ते तरी तुम्हाला माहीत आहे का? १९३० मध्ये सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली, तेव्हा या देशात औषध कोणीही विकत होतं. डॉक्टरच्या हाताखाली राहून बाटल्या भरायला शिकलेला कंपाउंडर हाच आपला फार्मासिस्ट होता. समितीने प्रशिक्षित माणसांची गरज सांगितली. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात या विषयाचं शिक्षण सुरू केलं. १९४० मध्ये औषध कायदा झाला, १९४८ मध्ये फार्मसी कायदा. त्यातलं ४२ वं कलम तुम्ही परीक्षेत घडाघडा लिहिता: नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कोणीही डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध तयार करायचं नाही, मिसळायचं नाही, द्यायचं नाही. १९७६ च्या दुरुस्तीने हे लागू करायला राज्यांना मुदत मिळाली आणि १९८४ पासून ते सगळीकडे लागू झालं. त्या उत्तराला तुम्हाला पूर्ण गुण मिळतात. अर्थ मात्र तुम्हाला कळलेला नाही. सरकारने एका कामाचं दार इतर सगळ्यांसाठी कुलूपबंद केलं आणि किल्ली तुमच्या हातात दिली, हा त्याचा अर्थ. अर्थशास्त्र याला मक्तेदारी म्हणतं. छोटी असेल, कायदेशीर असेल, पण मक्तेदारीच.

मक्तेदारी फुकट मिळत नसते. तिची किंमत दाराबाहेर राहिलेला माणूस मोजतो.

तो कोण, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. ज्या मेडिकलला तुम्ही नाव दिलंय, तिथल्या काउंटरवर तो रोज उभा आहे. बारावी झालेला असेल, नसेलही. सकाळी शटर वर करण्यापासून रात्री हिशेब लावेपर्यंत तोच असतो. कोणत्या डॉक्टरचं अक्षर कसं लागतं, कोणत्या फडताळात कोणती स्ट्रिप आहे, कोणता माल पुढच्या महिन्यात एक्स्पायर होतोय, कोणत्या म्हाताऱ्याची बीपीची गोळी कधी संपते, हे सगळं त्याच्या डोक्यात आहे. इतकी वर्षं हे काम करूनही कायद्याच्या लेखी तो कोणीच नाही. पगार वाढवून मागायला त्याच्या हातात कागद नाही. उद्या कारवाई झाली तर आधी त्याला घरी पाठवतील. त्याने पै पै जमवून स्वतःचं दुकान काढायचं म्हटलं, तर त्यालाही तुमच्यासारख्याच कोणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने घ्यावं लागेल. म्हणजे ज्याला काम येतं त्याने, ते काम कधी केलंच नाही अशा माणसाला दरमहा पैसे द्यायचे. तुम्ही घेता ते हेच पैसे. त्यांना मोबदला म्हणू नका. मोबदला कामाचा असतो.

हे दार कायम असंच बंद होतं असंही नाही. पहिलं नोंदणीपुस्तक तयार झालं तेव्हा १९४८ च्या कायद्याने ३१ व्या कलमात एक वाट ठेवली होती. दवाखान्यात किंवा रुग्णालयात निदान पाच वर्षं औषधं बनवून देण्याचं काम केलेल्या माणसाला त्या अनुभवावर नोंदणी मिळत होती. आज तुम्ही ज्यांना अडाणी म्हणता, त्यांच्यासारखी माणसं त्या पहिल्या यादीत होती. नंतर ती वाट बंद झाली. जगभर धंद्यांचे परवाने असेच येतात: आत असलेले आतच राहतात आणि नवा नियम पुढच्यांना लागतो. ब्रिटनमध्ये फार्मासिस्टच्या खालोखाल फार्मसी टेक्निशियन ही वेगळी पायरी आहे आणि २०११ पासून त्याचीही नोंदणी सक्तीची आहे. त्याला काय करता येतं आणि काय नाही हे ठरलेलं असतं, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला नाव मिळतं, शिक्षण मिळतं, जबाबदारी मिळते. आपल्या कायद्यात एक तर फार्मासिस्ट, नाही तर कोणीच नाही. ही मधली पायरी मागायला हवी होती ती आपण, फार्मसीच्या लोकांनी. आपण मागितली नाही, कारण काउंटरवरचा मुलगा निनावी राहिला की आपल्या कागदाची किंमत टिकते. हा दोष तुमच्या पिढीचा नाही, आमच्यापासूनचा आहे. पण त्याच्यावर आज भाडं उकळताय ते तुम्ही, म्हणून तुम्हाला बोलतोय.

आता तुमच्या स्वतःच्या नुकसानीकडे येतो, कारण दुसऱ्याच्या नुकसानीने तुमचा चेहरा फारसा बदलत नाही, हे मी पाहिलंय.

तुमच्याच वर्गातली काही मुलं लायसन भाड्याने न देता खरोखर नोकरीला लागली. दहा-दहा, बारा-बारा तास उभी राहतात. भेटली की एकच तक्रार करतात: पगार वाढत नाही. तुम्ही त्यांना वेड्यात काढता. त्यांचा पगार का वाढत नाही, याचा हिशेब कधी मांडला आहे? मी मांडतो. आकडे समजण्यापुरते घेतोय, तालुक्यागणिक ते बदलतील, रीत बदलणार नाही. दिवसभर दुकानात थांबणारा फार्मासिस्ट १८ हजार मागतो. मालकासमोर दुसरी सोय आहे: तुमचं सर्टिफिकेट ५ हजारांत आणि काउंटरवरचा मुलगा ९ हजारांत. दोन्ही मिळून १४. मग मालक प्रामाणिक मुलाला १८ का देईल? तो १४ वर अडून बसतो, आणि मुलगा नाही म्हणाला तर तुमच्याकडे येतो. कायद्याने माणूस आणि त्याचं सर्टिफिकेट एकच मानलं होतं. तुम्ही ते दोन वेगळे जिन्नस करून बाजारात मांडलेत. त्या दिवसापासून प्रत्येक प्रामाणिक फार्मासिस्टची स्पर्धा एका कागदाशी आणि एका गरीब मुलाच्या मजुरीशी एकदम लागली. परवान्यामुळे पगार वाढतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे फार्मासिस्टचा पगार खाली ओढला जातो तो परवान्याच्या भाड्यामुळे, आणि ते भाडं ठरवणारे तुम्ही आहात.

दुकानदाराच्या बाजूचंही सांगतो, नाही तर तुम्ही म्हणाल सर एकांगी बोलतात. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात अनुसूचित औषधांची कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरला आहे. बाकीच्या औषधांवर प्रथेने थोडा जास्त मिळतो. खेड्यातल्या लहान मेडिकलची महिन्याची विक्री २ लाख धरली, तर १६ टक्क्यांच्या हिशेबाने हातात साडेसत्तावीस हजारांच्या आसपास पडतात. त्यात गाळ्याचं भाडं, वीज, फ्रिज, कर्जाचा हप्ता, परत न जाणारा एक्स्पायरीचा माल. उरलेल्यात १८ हजारांचा फार्मासिस्ट कसा बसणार? चिठ्ठी तपासण्याची, रुग्णाला समजावण्याची वेगळी फी आपल्याकडे नाही. तुमच्या ज्ञानाची किंमत बिलावर कुठेच येत नाही, ती स्ट्रिपच्या नफ्यात गाडलेली असते. छापील किमतीच्या वर दुकानदाराला एक रुपया घेता येत नाही. म्हणून परवान्याचा बोजा आपल्याकडे किमतीत दिसत नाही, सेवेत दिसतो. इतर धंद्यांत परवान्याने सेवा महाग होते. इथे ती महाग होऊ शकत नाही, म्हणून गायब होते. भिंतीवर सर्टिफिकेट राहतं, खाली माणूस नसतो.

यावर खरा उपाय म्हणजे फार्मासिस्टच्या सल्ल्याला बिलात वेगळी ओळ आणि वेगळी फी. ती मागायची असेल तर फार्मासिस्ट दुकानात सापडला पाहिजे. सरकारसमोर तुम्ही कोणत्या तोंडाने उभे राहाल? तिथे दुकानदारांची संघटना उठून म्हणेल, ‘‘यांच्याशिवाय दुकानं इतकी वर्षं चाललीच ना?’’ त्या प्रश्नाला आपल्यातल्या कोणाकडे उत्तर आहे?

आता तुम्ही कॉलेजला भरलेल्या फीकडे येतो. डी. फार्म.ला प्रवेश घेताना तुमच्या वडिलांनी काय विचारलं होतं, आठवा. बहुतेकांनी विचारलं असेल की पोराला लायसन मिळेल ना? पुढे महिन्याला काही हजार घरबसल्या येतील, हा हिशेब घरात आधीच झालेला होता. कॉलेज काढणाऱ्यांनाही तो हिशेब येतो. सर्टिफिकेटला भाडं आहे तोवर त्यांच्या जागा भरणार, तुम्ही तासाला बसा वा न बसा. म्हणजे ज्या भाड्याचा तुम्हाला एवढा अभिमान आहे, त्याची मोठी रक्कम तुमच्या बापाने आगाऊ फीच्या रूपाने भरून टाकली आहे. तुमच्या हाती येतं ते त्यातलं उरलेलं. नांदेडपासून नाशिकपर्यंत कॉलेजं का वाढली, याचं कारण मला तरी दुसरं दिसत नाही.

कॉलेजं वाढली तेव्हा फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाने २०२०-२१ पासून पाच वर्षं नवी कॉलेजं काढायला बंदी घातली. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. शिक्षणसंस्था काढायच्या मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर कायदा हवा, कौन्सिलच्या ठरावाने ते होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. त्याच वर्षी कौन्सिलने डी. फार्म. झालेल्यांसाठी नोंदणीआधी द्यायच्या एक्झिट परीक्षेचे नियम काढले. तुम्ही या परीक्षेविरुद्ध बोलता, मोर्चाच्या गोष्टी करता. मी परीक्षेच्या बाजूचा माणूस आहे. औषधाचा डोस ज्याला सांगता येत नाही त्याने नापासच व्हावं. पण परीक्षा घेणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे: आत येणारं दार अरुंद केलंत आणि दुकानातली हजेरी कोणी तपासली नाही, तर कागद दुर्मिळ होईल आणि त्याचं भाडं चढेल. भाडं चढलं की ते देण्याघेण्याचा मोह वाढेल. त्यातून शहाणपण काउंटरपर्यंत पोचेल, असं मला दिसत नाही.

आता रुग्ण. तुमचा तो हुशार मित्र म्हणाला, औषध तर मिळतंच. कोणतं औषध, कोणाला, किती, हे न विचारता मिळतं, एवढंच खरं आहे. संधिवाताच्या रुग्णाला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायला दिलेलं असतं. चिठ्ठीवर ते घाईत लिहिलेलं असतं. काउंटरवरचा मुलगा सवयीने सांगतो, ‘‘रोज एक, जेवणानंतर.’’ आठवड्याची गोळी रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावतो. हे तुम्हाला मी शिकवलंय. तुमच्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. त्या दिवशी त्या दुकानात हे माहीत असलेला माणूस एकच असायला हवा होता, आणि तो पुण्यात मोबाईलच्या दुकानात बसलेला आहे. त्या मुलाला दोष देता येत नाही, त्याला कोणी शिकवलं नाही. ज्याला शिकवलं त्याने नाव दिलं आणि स्वतः गेलाच नाही.

शेड्यूल एच-१ ची यादी २०१३ मध्ये कशासाठी आली? वरच्या फळीची प्रतिजैविकं, क्षयाची औषधं, सवय लावणाऱ्या काही गोळ्या, यांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवायची. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही तीन वर्षं जपायची. ती वही कोण लिहितं तुमच्या नावाच्या दुकानात? महिन्याच्या शेवटी एका बैठकीत, एका पेनाने, एका हाताने लिहिलेल्या वह्या असतात. क्षयाचं औषध अर्धवट घेऊन थांबलेला रुग्ण त्या वहीत सापडायला हवा होता. त्याला शोधणारं कोणी नाही.

मला माहीत आहे, तुमच्यातले एक-दोन जण पुस्तकं वाचतात. त्यांचं उत्तर तयार असणार: मग परवानाच रद्द करा, जो चांगला असेल तो बाजारात टिकेल. हे म्हणणारे थोर लोक होऊन गेले आहेत. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये इंग्लंडातल्या सक्तीच्या उमेदवारीवर टीका केली. सात-सात वर्षं उमेदवारी केल्याशिवाय धंदा करू न देणं म्हणजे गरीब माणसाची एकमेव मालमत्ता, त्याच्या हातातलं कसब, त्याला वापरू न देणं आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मिल्टन फ्रीडमनने १९६२ मध्ये तर डॉक्टरांच्या परवान्यावरही बोट ठेवलं. केस कापण्याच्या, फुलं विकण्याच्या परवान्यावर ही टीका लावलीत तर मी तुमच्या बाजूने उभा राहीन. वाईट केस कापले तर गिऱ्हाईकाला आरशात दिसतं आणि ते दुसरीकडे जातं. औषधाचं तसं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचं ग्लिसरॉल दिलं गेलं आणि १४ रुग्ण गेले. त्या रुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना बाटलीकडे बघून काय कळणार होतं? न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने रुग्णालयापासून अन्न व औषध प्रशासनापर्यंत, म्हणजे एफडीएपर्यंत, सगळ्यांना खडसावलं, पण माणसं गेल्यानंतर. चुकीचं औषध ओळखणं ज्याला शक्यच नाही, त्याच्या वतीने कोणीतरी जाणता माणूस मध्ये उभा असावा, म्हणून हा परवाना आहे. जो परवाना जाणत्याला मध्ये उभं करत नाही, त्याच्याविरुद्धचा फ्रीडमनचा आरोप शब्दशः खरा ठरतो. बाहेरच्यांना आत येऊ न देणं आणि आतल्यांना पैसे मिळवून देणं, याखेरीज तो काही करत नाही. फ्रीडमनला खरं ठरवायचं काम महाराष्ट्रात तुम्ही चालवलं आहे.

२०११ ते २०१४ या काळात महेश झगडे राज्याचे एफडीए आयुक्त होते. फार्मासिस्टची हजेरी हा विषय त्यांनी लावून धरला, दुकानांवर कारवाया झाल्या, परवाने निलंबित झाले. विक्रेत्यांच्या संघटनांनी विरोध केला, बंद पुकारले. त्यांचं म्हणणं होतं की फार्मासिस्ट मिळत नाहीत. राज्य कौन्सिलच्या नोंदणीपुस्तकातली नावं तर दुकानांहून कितीतरी जास्त होती. म्हणजे फार्मासिस्ट होते, तुमच्यासारखे घरी होते. त्या संघर्षात तुमच्या बाजूने, खऱ्या फार्मासिस्टच्या बाजूने, किती सर्टिफिकेटधारक रस्त्यावर आले? तुमचे सीनिअर दुकानदारांच्या बाजूला होते, कारण हजेरीची सक्ती झाली असती तर त्यांचं भाडं बुडालं असतं.

संघटनांबद्दल एवढंच सांगतो की कायद्याच्या कुलपावर त्यांनी आपलंही एक कुलूप चढवलं होतं. कंपनीला नवा स्टॉकिस्ट नेमायचा तर आधी संघटनेचं ना हरकत पत्र आणा. २०१३ मध्ये स्पर्धा आयोगाने यासाठी औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला दोषी धरलं. याच संघटनेने सप्टेंबर २०१८ मध्ये ऑनलाइन विक्रीविरुद्ध देशभर दुकानं बंद ठेवली. ऑनलाइनवाल्यांकडे नसलेली एकच गोष्ट दुकानाकडे असू शकते, ती म्हणजे समोर उभा असलेला फार्मासिस्ट. आणि तोच घरी.

हे म्हणताना दुर्गम भाग माझ्या डोळ्यांआड नाही. धडगावला, भामरागडला राहायला तुमच्यातला कोणी तयार नाही, हे मला ठाऊक आहे. तिथली मेडिकल उद्या सक्तीने बंद केली तर ताप आलेल्या मुलाला गोळीसाठी किती कोस जावं लागेल, याचा विचार नियम करणाऱ्याने केला पाहिजे. कायद्यात थोडी जागा आहे. हजारपर्यंत लोकवस्तीच्या गावात ठरावीक घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात, तेवढी सूट औषध नियमांतलं शेड्यूल के देतं. त्याच्या पलीकडच्या गावांना मात्र शहरातल्या दुकानांसारखाच नियम लागतो, आणि तो पाळता येत नाही म्हणून तिथेही शहरातलं सर्टिफिकेट टांगलं जातं. अशा गावांसाठी शिकलेला सहायक, कमी औषधांची यादी आणि फोनवर जबाबदार फार्मासिस्ट अशी व्यवस्था कायद्याने आणता येईल. ती आणावी म्हणून मी भांडायला तयार आहे. पण गडचिरोलीच्या अडचणीचा आडोसा घेऊन हडपसरमधलं लायसन भाड्याने देऊ नका.

मुलींनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. लग्न ठरताना तुमच्या नोंदणीची चौकशी होते, मला माहीत आहे. सासरच्या मेडिकलला सुनेचं नाव लागतं, सून स्वयंपाकघरात असते आणि दुकानातल्या बिलांवर सही तिची असते. बिलबुकं कोरी असताना सह्या घेतल्या जातात. शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही अशा, औषधाच्या बिलावर तुमची सही असेल आणि त्या औषधाने कोणाचा जीव गेला, तर विचारणा एकट्या सासऱ्याला होणार नाही. सर्टिफिकेटवर फोटो तुमचा आहे. आणि तुम्ही दोन वर्षं जे शिकलात ते वापरायची संधी घरातल्याच दुकानात आहे, तर तिथे उभं राहायचा हक्क मागा. त्या दुकानाचा परवाना तुमच्यामुळे आहे. तुम्ही मागितलंत तर त्यांना नाही म्हणणं सोपं जाणार नाही.

‘‘सर, शिक्षा कोणाला होते?’’ असंही तुम्ही म्हणता. १९४८ च्या मूळ कायद्यात नोंदणी नसताना औषध देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होता. हजार रुपये. तुमच्या एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी. दंड इतका किरकोळ राहिला म्हणून हा धंदा फोफावला, यात कायदा करणाऱ्यांचीही चूक आहे. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी हजर न राहता दुकानाला सर्टिफिकेट देणं हे फार्मासिस्टचं गैरवर्तन ठरवलेलं आहे, आणि गैरवर्तनासाठी नोंदणीपुस्तकातून नाव काढायचा अधिकार राज्य कौन्सिलला आहे. नाव एकदा गेलं की दोन वर्षांची फी, बापाचं कर्ज, सगळं गेलं. आणि कोणी पकडत नाही म्हणून जे चालतं, ते मी शिकवलेल्या मुलांनी करावं, हे मला मान्य नाही. पकडणारा आला नाही तरी नाही.

आता करायचं काय, ते सांगतो. ज्यांचं पाचशे तासांचं प्रशिक्षण बाकी आहे, त्यांनी ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेला कागद माझ्या टेबलावर ठेवू नये. मी त्या दुकानात येणार, मालकाला विचारणार, आणि तुम्ही तिथे दिसला नाहीत तर सही करणार नाही. प्रवेशाच्या वेळी मी तुमच्या वडिलांना ओळखत होतो, याचा इथे उपयोग होणार नाही.

ज्यांनी आधीच नाव दिलेलं आहे, त्यांनी याच आठवड्यात दुकानदाराला राजीनाम्याचं पत्र द्या. त्याची प्रत एफडीएच्या जिल्हा कार्यालयात स्वतः जाऊन द्या आणि पोच घ्या. मूळ प्रमाणपत्र दुकानात असेल तर ते हातात आल्याशिवाय उठू नका. आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागतील, ते परत करा. घरी सांगायची लाज वाटत असेल तर मी तुमच्याबरोबर येतो. ज्यांना त्याच दुकानात खरोखर काम करायचं आहे, त्यांनी मालकाला तसं सांगा, पूर्ण पगार मागा, आणि पहिल्या दिवसापासून काउंटरवरच्या त्या मुलाला शेजारी उभं करून शिकवा. पत्राचा मजकूर कोणाला जमत नसेल तर संध्याकाळी पाचनंतर माझ्या खोलीत या. मराठीत लिहा, तारीख घाला, नोंदणी क्रमांक लिहा, आणि खाली सही स्वतः करा.